तेवीसचं भूत

'द नंबर ट्वेंटी-थ्री' हा पिक्चर बघायचा राहिला असेल तर आधीच सांगते, या लेखात शेवट फोडलेला आहे. तसं फार काही बिघडणार नाही. २३ फेब्रुवारी २००७ ला (तारीख बघा!) अमेरिकेत लागलेला जोएल शूमाकरचा सायकॉलॉजिकल थ्रिलर. 'द मास्क'वाला जिम कॅरी इथे चक्क सीरियस. भटकी कुत्री पकडायची नोकरी करणाऱ्या वॉल्टरला बायको एक जुनं पुस्तक देते. त्यातला हीरो २३ या आकड्याने झपाटलेला. मग वॉल्टरलाही नावात, पत्त्यात, जन्मतारखेत, जिथे तिथे २३ दिसू लागतो.

आम्ही रूममधले लाईट घालवून बघायला बसलो. पहिला अर्धा तास बरा गेला. नंतर भीतीऐवजी कॅल्क्युलेटर आठवायला लागला.

कारण ही बेरीज बघा. ११ सप्टेंबर २००१: ११+९+२+०+०+१ = २३. अंगावर काटा! टायटॅनिक बुडाली १५ एप्रिल १९१२ ला: १+५+४+१+९+१+२, पुन्हा २३. पण पहिल्या बेरजेत ११ अख्खे घेतले आणि दुसरीत १५ फोडले. १५ अख्खे घेतले तर येतात ३२. मग काय, उलटे वाचायचे! आपल्याकडेही जमतं. १५ ऑगस्ट म्हणजे १५+८, वर्ष सोडून दिलं. २६ जानेवारी १९५० म्हणजे २+६+१+९+५+०, इथे वर्ष घेतलं आणि महिना सोडला. १ मे १९६० चे सगळे अंक मिळवले तर मात्र २२ येतात, आणि असा हुकलेला नेम कुणी लक्षात ठेवत नाही. दर वेळी नियम बदलायची मुभा असेल तर हवा तो आकडा निघतो. जर्नलमध्ये आधी ग्राफ काढून मग रीडिंग भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

२३ ची खरी गंमत वेगळीच आहे. कुठल्याही २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून किंचित जास्त असते, कारण २३ जणांच्या जोड्या होतात २५३. साठ जणांच्या वर्गात हीच शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते. ज्याला जोड्या मोजायचं सुचत नाही त्याला हा चमत्कार वाटणारच.

संबंध नसलेल्या गोष्टींत अर्थ दिसणं, याला क्लाउस कॉनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९५८ साली नाव दिलं, 'अपोफेनी'. स्किझोफ्रेनियाची सुरुवात कशी होते हे तो लिहीत होता. त्याच्या मते आधी नुसता ताण असतो, स्टेजवर जायच्या आधी नटाला येतो तसा. काहीतरी घडणार आहे, पण काय ते कळत नाही. मग एकदम सगळं 'उलगडतं', सगळे इशारे आपल्यासाठीच आहेत असं वाटतं. म्हणजे भ्रम आधी सुटकेसारखा येतो! म्हणून तर तो सुटत नाही. (संशयपिशाच्च हा शब्द मला कॉन्व्हेंटमुळे यंदाच कळला. काय भारी शब्द आहे.)

पिक्चरने नेमकं हेच घालवलंय. वॉल्टरला आधीचा ताण नाही की झोप उडणं नाही. पुस्तक हातात आलं आणि साहेब सुरू. त्याहून वाईट म्हणजे शेवटी कळतं की ते पुस्तक त्यानेच लिहिलेलं असतं, जुना खून तो विसरलेला असतो, आणि २३ मागे लागूनच त्याला सत्य सापडतं. म्हणजे भ्रमच बरोबर निघाला! बायको-मुलगाही त्याच्याबरोबर कोडं सोडवायला धावतात. खऱ्या आयुष्यात असं होत नाही, उलट माणसं लांब जातात. विंगमधलं कुणी चार रात्री झोपलं नाही आणि 'सगळे माझ्याबद्दलच बोलतात' म्हणायला लागलं, की आपण त्याला 'सायको' म्हणून मोकळे होतो. तिथे बेरीज चुकली हे सिद्ध करून उपयोग नसतो. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावं लागतं.

हाच विषय बघायचा असेल तर डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीचा 'पाय' (१९९८) मिळवा. ब्लॅक अँड व्हाइट आहे, आवाजाने डोकं उठतं, पण त्यातले म्हातारे गणिताचे सर हीरोला तोंडावर सांगतात की एखादा आकडा शोधायचाच ठरवलंस तर तो तुला सगळीकडे सापडेल. हीरो अर्थातच ऐकत नाही.