अँडीज ओलांडताना

ब्वेनोस आयरेसहून सँटियागोला निघालेलं विमान बराच वेळ अर्जेंटिनाच्या सपाट गवताळ प्रदेशावरून उडत राहतं. या दोन राजधान्यांमधलं हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर, प्रवास दोन-सव्वादोन तासांचा. खरा थरार शेवटच्या अर्ध्या तासात. मेंदोसा मागे पडतं आणि समोर अँडीजची भिंत उभी राहते. हवा स्वच्छ असेल, तर ६९६१ मीटर उंचीचं अकोंकाग्वा शिखर खिडकीतून दिसतं. ते दृश्य चुकवू नये.

परतीच्या प्रवासात वेळ वाचतो, कारण पश्चिमेचे जोरदार वारे विमानाला मागून रेटतात.

हेच वारे डोंगरांवर आदळून हवा घुसळून काढतात, म्हणून पट्टे घट्ट बांधायला सांगतात. रस्त्याने हे अंतर सुमारे १४०० किलोमीटर. हिवाळ्यात जोराचा बर्फ पडला की घाट बंदच.