व्हॉल्व्ह मुरतो म्हणजे नेमकं काय होतं?

नवा व्हॉल्व्ह मुरायला ५०-१०० तास लागतात, तोवर आवाज कोरडा, टोकदार लागतो आणि मग भरत जातो, ही समजूत व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या शौकिनांत पक्की आहे. ती निराधार नाही. पण खरं आहे त्याच्या कितीतरी पट श्रेय तिच्या खात्यावर जमा होतं. ठाण्यात बनणाऱ्या मर्फी रेडिओचं बटण फिरवल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागे, ते निव्वळ तापणं. मुरणं वेगळं. व्हॉल्व्हमधल्या कॅथोडची निकेलची नळी बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या कार्बोनेटने लेपलेली असते. हवा उपसताना तापवलं की त्याचा ऑक्साइड होतो. मग व्हॉल्व्ह काही काळ चालवला की लेपातून इलेक्ट्रॉन मुबलक सुटू लागतात. हे बहुतांश काम कारखान्यातच उरकलेलं असतं. घरी उरतो तो शेवटचा अंश. त्यातही गंमत अशी, की कॅथोडभोवती इलेक्ट्रॉनांचा ढग कायम जमलेला असतो आणि त्यातून किती पुढे जाणार हे ग्रिड (मधली नियंत्रक जाळी) आणि अ‍ॅनोड (इलेक्ट्रॉन गोळा करणारी पट्टी) यांचे व्होल्ट ठरवतात. ढग आणखी दाट झाला म्हणून प्रवाह फारसा वाढत नाही. ईसीसी८३सारख्या छोट्या व्हॉल्व्हचा आवाज त्यामुळे आठवडाभरात पालटायला कारणच कमी.

यावर कुणी म्हणेल, मीटरवर तर फरक दिसतो! दिसतो, आणि तो मानायलाच हवा. ईएल३४सारख्या पॉवर व्हॉल्व्हचा प्रवाह सुरुवातीच्या तासांत सरकतो, म्हणून फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये बायस, म्हणजे ग्रिडला दिलेले ठरावीक ऋण व्होल्ट, पुन्हा तपासतात. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेल्या जुन्या मालात थोडा वायू साठलेला असू शकतो. काचेच्या आतला आरशासारखा बेरियमचा डाग तो शोषतो. (डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह मुरणार नाही, फेकायचाच.) पण हे बदल मोजता येतात, आणि ‘गायिकेचा श्वास ऐकू येऊ लागला’ एवढी मजल त्यांच्या जोरावर मारता येत नाही.

मग इतक्यांना फरक ऐकू येतो तो खोटा का? मुळीच नाही, कारण बहुधा दुसरं असतं. सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना लागणाऱ्या इच्छापोरसारख्या दमट भागात सॉकेटच्या पिना काळवंडतात; नवा व्हॉल्व्ह बसवताना त्या घासल्या जातात आणि खरखर जाते. नव्या स्पीकरचा कागद आणि कडा सैलावतात. शिवाय कान सरावतो, आणि गेल्या महिन्यातला आवाज तपशिलासकट आठवत नाही. खात्री करायची तर एकाच जातीचे दोन व्हॉल्व्ह घ्यावेत, एक १०० तास चाललेला आणि एक कोरा. आवाजाची पातळी मीटरने सारखी करावी आणि कोणता लावला हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. तेही एका जोडीवर भागत नाही, कारण एकाच खोक्यातले दोन कोरे ईसीसी८३ही तंतोतंत सारखे नसतात.