टोकियोतील बालवाडी आणि मराठी पालक

इ. स. २००० च्या सुमारास संगणक क्षेत्रातील कामानिमित्त अनेक भारतीय अभियंते टोकियोला गेले आणि शहराच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई परिसरात त्यांची वस्ती वाढत गेली. तीत मराठी कुटुंबेही आहेत. भारतात जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या विभाग परिषदेवर निवडून आले, यावरून ही वस्ती किती रुजली आहे हे लक्षात येते. २००४ नंतर टोकियोत भारतीय शाळाही निघाल्या. तथापि जे मराठी पालक आपले मूल जपानी बालवाडीतच घालतात, त्यांच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहतात याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोकरदार पालकांच्या मुलांसाठी जपानमध्ये 'होइकुएन' ही संगोपनगृहे आहेत, तर 'योचिएन' ही शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील, तीन वर्षांपुढील मुलांची बालवाडी होय. पहिले शासकीय योचिएन १८७६ मध्ये टोकियोच्या महिला अध्यापक विद्यालयाला जोडून सुरू झाले. त्यामागे फ्रोबेलची प्रेरणा होती. योचिएनचे दैनंदिन कामकाज साधारणपणे चार तासांचे असते. साहजिकच एक पालक घरी असणार हे गृहीत धरलेले असते, आणि अभियंत्याच्या कुटुंबात तो पालक बहुधा आई असते. ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षे वयोगटाचे शिक्षणशुल्क शासन भरते. खासगी संस्थांसाठी त्याला मर्यादा आहे. परदेशी रहिवाशांच्या मुलांनाही हा लाभ मिळतो. त्यामुळे पैशापेक्षा वाचनाची अडचण मोठी ठरते.

प्रवेशापूर्वीच मुलाच्या प्रत्येक वस्तूवर नाव घालावे लागते: टोपी, वर्गात घालायचे बूट, इतकेच काय, खडूंच्या पेटीतील एकेका खडूवरही. हे नाव हिरागाना लिपीत, म्हणजे जपानी मूल प्रथम वाचावयास शिकते त्या लिपीत असते. या लिपीत महाप्राण वर्ण नाहीत, 'व'च्या जागी बहुधा 'ब' येतो आणि 'न'खेरीज शब्दान्ती व्यंजन राहत नाही. परिणामी 'अथर्व'चा 'अतारुबा' होतो आणि 'वेदांत'चा 'बेदान्तो'. हे रूपांतर आईला स्वतःच्या हाताने करावे लागते, तेही तीस-चाळीस वेळा.

पुढे 'रेनराकुचो' ही संपर्कवही येते. शिक्षिका आणि पालक यांच्यातील निरोप तीतून जातात. छापील सूचना आता भ्रमणध्वनीवर भाषांतरित करून वाचता येतात, परंतु घाईने लिहिलेले हस्ताक्षर यंत्रालाही पुष्कळदा लागत नाही. डब्याचा प्रश्न निराळा. शाकाहारी कुटुंबाला साध्या भाजीच्या रश्शाचीही खात्री देता येत नाही, कारण त्यातील 'दाशी' हा अर्क बहुधा सुक्या मासळीचा असतो. आणि घरून पोळी दिली तर थोड्याच दिवसांत मूल शेजारच्या मुलासारखा भाताचा गोळा मागू लागते.

मराठी वाचकाच्या मनातील जपानी शाळेचे चित्र बहुतांशी 'तोत्तोचान'ने घडविले आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते पुस्तक आपल्याकडे घरोघरी पोहोचले. पण त्यातील तोमोए शाळा त्या काळीही अपवादात्मकच होती आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात ती जळून गेली. आजच्या योचिएनमध्ये अक्षरओळखीची घाई नसते हे खरे. तथापि बूट रांगेत ठेवणे, पाळीने वर्गाचे काम करणे, सर्वांनी एकदम जेवणास आरंभ करणे ही समूहशिस्त तेथे अभ्यासक्रमाइतकीच महत्त्वाची असते. गावाकडचे चुलत भावंड बाराखडी गिरवीत असता आपले मूल केवळ खेळते, ही पालकांची चिंता त्यामुळे पुरती शमत नाही. दरम्यान मूल जपानी बोलू लागते आणि फाटकापाशी आईसाठी दुभाषा बनते. वयाने लहान असलेल्याकडे असा अधिकार जाणे कोणत्याही घराला सहज पचत नाही.

१९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्यात हा अनुभव परका नाही. आईला 'याडी' म्हणणारे बंजारा तांड्यावरील मूल मराठी अंगणवाडीत येते, तेव्हा त्याच्या आईची स्थिती निशी-कासाईतील मराठी आईहून फार वेगळी नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मूल तर हंगामात अंगणवाडीपासूनच तुटते. मात्र येथे निरोप वहीतून येत नाही. तो सेविका तोंडी सांगते. सेविका तांड्यावरचीच असेल तर तो गोरमाटीत सांगितला जातो, आणि निरक्षर आईलाही त्यावर उलट प्रश्न विचारता येतो.