पट्टी पुसलेल्या ट्रान्सफॉर्मरला कोणता स्पीकर?
सोलापूरच्या गड्डा यात्रेत भोंगे वाजवून निवृत्त झालेला एखादा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर हाती लागला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरची अक्षरं पुसलेली असली, तर अंदाजपंचे स्पीकर जोडू नका. मल्टिमीटरने ओहम मोजून इतकंच कळतं की जास्त रोधाची गुंडाळी प्रायमरी. खरी गरज वेढ्यांच्या गुणोत्तराची. प्लग काढा, कपॅसिटर रिकामे करा, ट्रान्सफॉर्मरच्या तारा सोडवा. प्रायमरीला ६.३ व्होल्ट एसी द्या आणि सेकंडरीवर मोजा. ०.१८ व्होल्ट आले तर गुणोत्तर ३५, त्याचा वर्ग १,२२५. एकट्या ईएल८४ व्हॉल्व्हला सुमारे ५,००० ओहमचा भार लागतो. त्याला १,२२५ ने भागलं की भागाकार येतो सुमारे ४, म्हणजे ४ ओहमचा स्पीकर. बाजूंची अदलाबदल झाली तर तेच ६.३ व्होल्ट पलीकडे २२० होऊन बसतात, तेव्हा बोटं लांब! पुश-पुल जोडीत प्रायमरी म्हणजे एका प्लेटपासून दुसऱ्या प्लेटपर्यंतची गुंडाळी. भोंग्यांच्या अॅम्प्लिफायरला बहुधा १०० व्होल्टची लाइनही असते. तिथे घरगुती स्पीकर थेट चालत नाही, मध्ये लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो. स्पीकर न जोडता आवाज वाढवला, तर प्रायमरीत उसळणारा दाब इन्सुलेशन फोडू शकतो.