कॅमेरा शिकताना, लेखांक ९ : थरारपटाची पहिली दोन मिनिटं

इंग्लंडमध्ये आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची मुलं ‘मीडिया स्टडीज’ हा विषय घेऊ शकतात. तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाने अनेक वर्षं त्यात एक प्रकल्प ठेवला होता : एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करा, लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटं. गटात चारपेक्षा जास्त जण नकोत. चित्र आणि आवाज दोन्ही स्वतःचे हवेत, फक्त स्वामित्वहक्कमुक्त संगीत किंवा ध्वनिपरिणाम बाहेरून घेतले तर चालतील. शंभरपैकी २० गुण पूर्वतयारीला, ६० प्रत्यक्ष कामाला आणि उरलेले २० स्वतःच्या कामाचं परीक्षण करण्याला. प्रकार कोणताही निवडता येई, पण बरीच मुलं थरारपटाकडे वळत.

मला हा प्रकल्प फार आवडतो, कारण तो विद्यार्थ्याला गोष्ट संपवायला सांगत नाही. आपल्याकडे महाविद्यालयीन लघुपट स्पर्धांमध्ये दहा मिनिटांत गोष्ट सुरू करून, वाढवून, शेवटी कलाटणी देऊन संपवावी लागते. सगळा जीव त्या कलाटणीत अडकतो आणि पहिली दोन मिनिटं पात्रांची ओळख करून देण्यात वाया जातात. प्रेक्षक तर तिथेच ठरवतो, की पुढे बघायचं की नाही. म्हणून या आठवड्यात आपण फक्त सुरुवातच लिहिणार आणि चित्रित करणार आहोत.

मुख्य प्रकल्पाआधी त्या मुलांना एक छोटा सराव करावा लागे. एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसतं आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. बस्स, एवढंच. पण दार उघडणारा हात बाहेरच्या शॉटमध्ये जिथे थांबला तिथूनच आतल्या शॉटमध्ये पुढे जायला हवा, दोघांच्या नजरा एकमेकांना भिडायला हव्यात आणि कॅमेऱ्याने दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडता कामा नये. आपण लेखांक ६ मध्ये जिला ‘अ‍ॅक्सिस’ म्हटलं, तीच ही रेषा. हा सराव न करता थेट पाठलाग चित्रित करायला निघालेल्या गटाचा पाठलाग पडद्यावर कळतच नाही : कोण पुढे, कोण मागे, कोण कोणाकडे बघतंय, काहीच लागत नाही.

आता थरार. विद्यार्थ्यांच्या थरारपटात पहिल्यांदा जमवल्या जातात त्या वस्तू : सुरा, मुखवटा, लाल रंग, डोक्यावर ओढलेली हुडी. थरार या वस्तूंमधून येत नाही. तो माहितीच्या वाटणीतून येतो. प्रेक्षकाला काय माहीत आहे, पात्राला काय माहीत आहे आणि या दोन्हींत किती अंतर आहे, हे कागदावर ठरलं की अर्धं काम झालं. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतींमध्ये हे बाँबच्या उदाहरणाने समजावलं आहे. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण टेबलाखाली बाँब आहे आणि तो केव्हा फुटणार हे प्रेक्षकाला आधीच कळलं, तर त्याच फालतू गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो.

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची (१९५८) सुरुवात म्हणजे याच विचाराचं मूर्त रूप. पहिल्याच चौकटीत दोन हात बाँबची वेळ लावतात. बाँब एका मोटारीच्या डिकीत जातो. एक पुरुष आणि एक तरुणी येऊन त्याच मोटारीत बसतात आणि मोटार निघते. तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. कॅमेरा क्रेनवरून वर जातो, छपरावरून पलीकडे उतरतो, रस्त्यावर मोटारीच्या पुढे राहतो, मग पायी चाललेल्या नवविवाहित जोडप्याबरोबर जातो. मोटार कधी त्यांना मागे टाकते, कधी गर्दीत अडकते आणि ती पुन्हा त्यांच्याजवळ आली की आपण खुर्चीत सावरून बसतो. गोष्टीत हे मेक्सिकोच्या सीमेवरचं गाव आहे, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये झालं.

या दृश्याची दोन रूपं उपलब्ध आहेत, आणि विद्यार्थ्यांनी ती पाठोपाठ पाहावीत असा माझा आग्रह आहे. १९५८ मध्ये स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. वेल्सने स्टुडिओला ५८ पानांचं टिपण पाठवून चित्रपटात कोणते बदल हवेत ते कळवलं होतं. त्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये चित्रपटाचं नव्याने संकलन केलं आणि सुरुवातीवरची नावं आणि ते संगीत दोन्ही काढलं. आता कॅमेरा रस्त्यावरून जाताना एकामागून एक बारमधली गाणी ऐकू येतात आणि त्या मोटारीचा रेडिओ जवळ येतो, लांब जातो. मोटार चौकटीत नसतानाही ती कुठे आहे हे कान सांगतो. चित्र तेच, पण भीती वेगळी. संगीत लावायच्या आधी आवाजाचा विचार करा असं मी या लेखमालेत वारंवार म्हणतो, त्याचा याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही.

आपल्या हाती क्रेन नाही, मोटारही नाही. मग एक जागा घेऊ : स्पर्धा परीक्षांच्या मुलांची अभ्यासिका. पुण्यात पेठांमधून अशा कितीतरी आहेत, आता तालुक्याच्या गावीही आहेत. वेळ पहाटेची. टेबलावर उघडी हजेरीवही. एक हात पेन उचलतो, नावाच्या रकान्यात ‘मुक्ता’ लिहितो, वेळेच्या रकान्यात ५.४० लिहितो, सही करतो. चेहरा दिसत नाही. मग रस्ता. एक मुलगी पाठीवर सॅक घेऊन येते आहे. फाटकाशी वॉचमनकाका पाण्याची बादली घेऊन परत येतायत. ते म्हणतात, “ये मुक्ता.”

प्रेक्षकाला इथे धक्का बसतो, मुक्ताला अजून काहीच माहीत नाही. ती आत जाते, वहीशी येते, पेन उचलते आणि थांबते. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी. काका मागून म्हणतात, “वरचे दिवे लाव हां, अजून कोणी आलेलं नाही.” ती जिन्याकडे बघते. वर दिवा लागलेला आहे. कट. चित्रपटाचं नाव.

पहिल्या खर्ड्यात हमखास दुसरं वाक्य सुचतं : “अगं, तू मघाशीच वर गेलीस ना?” ते ऐकायला जास्त भीतिदायक वाटतं, पण वहीने जे सांगितलं तेच ते पुन्हा सांगतं, आणि काकांनाही गूढात ओढतं. दिव्यांचं वाक्य साधं, रोजचं आहे. काका काहीही न कळता बोलतायत, म्हणूनच ते भिडतं. थरारपटात संवाद लिहिताना बोलणाऱ्याला परिस्थितीची कल्पना नसेल तर वाक्याची ताकद वाढते, हे लक्षात ठेवा.

वहीवरचा हात आधी दाखवायचा की मुक्ताबरोबरच प्रेक्षकालाही सही सापडू द्यायची, यावर गटात वाद व्हायला हवा. मी हात आधी दाखवेन. डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’मध्ये (१९९५) काइल कूपरने केलेली श्रेयनामावली हातांचीच आहे : वह्या शिवणारे, कापणारे, चिकटवणारे हात. खुन्याचा चेहरा चित्रपटात फार उशिरा दिसतो, पण तो किती बारकाईने काम करतो हे आपण नावं वाचता वाचताच शिकलेलो असतो. चेहरा दाखवला की प्रेक्षक माणूस ओळखून मोकळा होतो. हात दाखवला की तो शोधत राहतो.

सुरुवातीचा अर्थ सुरुवातीलाच कळलाच पाहिजे असंही नाही. श्रीराम राघवन यांच्या पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’ची (२०१८) सुरुवात कोबीच्या शेतात, एका सशामागे लागलेल्या शिकाऱ्यापाशी होते, आणि तिचा गोष्टीशी संबंध थेट शेवटाकडे लागतो. पण हे धाडस पूर्ण चित्रपट हाती असलेल्याला परवडतं. ज्याला दोनच मिनिटं मिळणार आहेत त्याचा प्रश्न त्या दोन मिनिटांत स्पष्ट उभा राहायला हवा.

आता चित्रीकरण. रेकी दोनदा करा, एकदा कधीही आणि एकदा नेमक्या त्या वेळी. पहाट खरोखर पहाटेच चित्रित करायची गरज नाही. सूर्यास्तानंतरचा निळसर उजेड कॅमेऱ्यात तसाच दिसतो आणि सगळे जागे असतात. आपल्या अक्षांशावर तो वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. आणि इथेच बरेच गट फसतात. पहाटे उजेड वाढत जातो, संध्याकाळी कमी होत जातो. त्यामुळे बाहेरचे शॉट उलट क्रमाने घ्यायचे : फाटकाशी काका भेटतात तो आधी, रस्त्याच्या टोकाला मुक्ता दिसते तो शेवटी. सराव दुपारी पूर्ण करून ठेवा. उजेड आल्यावर तालीम करायला वेळ नसतो. रस्त्यावर बंद दुकानाचं शटर, रिकामा बाक अशा जागा हेरून ठेवा, कारण संध्याकाळची वर्दळ चौकटीत आली की पहाट मोडते.

आत ट्यूबलाइट किंवा एलईडी असतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे मोबाइलवर चित्रीकरण करताना शटर १/५० वर आणि गती सेकंदाला २५ चौकटींवर ठेवली तर चित्रात सरकणारे पट्टे येत नाहीत. हे हाताने ठरवता येईल असं अ‍ॅप वापरा. फोकस आणि एक्स्पोजर प्रत्येक शॉटआधी लॉक करा. मुक्ता दारातून आत आल्याबरोबर चित्र आपोआप उजळलं, तर प्रेक्षकाला कॅमेरा जाणवतो आणि भीती गेली.

हजेरीवहीवर वेळ खर्च करा, कारण ती इथली मुख्य नटी आहे. एकाच हाताने लिहिलेली वीस नावं लगेच ओळखू येतात. वीस मित्रांकडून, वेगवेगळ्या पेनांनी, काही घाईत, काही तिरकी अशी लिहून घ्या. खऱ्या अभ्यासिकेची वही वापरू नका, त्यात लोकांचे फोन नंबर असतात. मुक्ताचं नाव छोटं ठेवलं आहे ते एका नजरेत वाचता यावं म्हणून. त्या नावाच्या ओळीखालची पुढची ओळ कोरी हवी. वहीचे जवळचे शॉट सगळे एकत्र, शेवटी, टेबल खिडकीशी सरकवून घ्या. मात्र बाही, घड्याळ, नखं यांचे फोटो काढून ठेवा. पहिला हात मुक्ताचाच वाटावा की मुळीच वाटू नये, हे तुमच्या पुढच्या गोष्टीवर आहे, पण ते चित्रीकरणाआधी ठरलेलं असलं पाहिजे.

आवाजासाठी पंखे बंद करा. सगळ्यांना स्तब्ध उभं करून त्या खोलीची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. संकलनात दोन शॉटमधली फट तीच बुजवते. पेनाची खरखर, पान उलटणं, जिन्यावरचा चपलांचा आवाज नंतर, माइक अगदी जवळ ठेवून, वेगळा घ्या.

अभ्यासिका चालवणाऱ्यांची लेखी परवानगी घ्या आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडा, म्हणजे कोणाचा अभ्यास मोडणार नाही. तुमच्या गोष्टीत खोटं पिस्तूल किंवा मुखवटा असेल आणि ते रस्त्यावर दिसणार असेल, तर पोलिसांची परवानगी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. लांबून बघणाऱ्याला ते चित्रीकरण आहे हे कळत नाही.

श्रेयनामावली सुरुवातीचाच भाग आहे, म्हणून कोणतं नाव कोणत्या शॉटवर येणार हे स्टोरीबोर्डवरच लिहा. माणूस एका वेळी एकच गोष्ट वाचतो. वहीच्या शॉटवर छायालेखकाचं नाव आलं तर प्रेक्षक त्यातलं एकच वाचेल. नावं रस्त्यावर, बादलीवर, जिन्याच्या रिकाम्या पायऱ्यांवर टाका. टाइप जाड घ्या, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर मात्रा आणि अनुस्वार पुसट होतात. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) नावं संपल्यावर पडद्यावर शहर, वार, तारीख आणि दुपारची २.४३ ही वेळ येते. इतकी नेमकी वेळ कोणी सांगितली की आपण आपोआप सावध होतो. आपल्या वहीतली ५.४० तेच काम करते.

स्टोरीबोर्डच्या चित्रांचे फोटो काढून ते ठरलेल्या लांबीने संकलनाच्या पट्टीवर मांडा आणि संवाद स्वतःच्या आवाजात भरा. दोन मिनिटांत पंचवीस-तीस शॉट बसतात, पण सगळे सारखे नसावेत. मुक्ता वहीशी थांबते तिथे एकच शॉट पाच-सहा सेकंद राहू द्या. तिथे घाई झाली तर आधीचं सगळं वाया जातं.

कच्चं संकलन तयार झालं की ते गटाबाहेरच्या, गोष्ट माहीत नसलेल्या तिघा-चौघांना एकेकट्याने दाखवा. दोन मिनिटांवर थांबवा आणि फक्त एवढंच विचारा, “आता तुला काय जाणून घ्यायचंय?” “वर कोण आहे?” हे उत्तर आलं तर वही वाचली गेली आहे. “ती का थांबली?” असं आलं तर पहिल्या वहीच्या शॉटला आणखी एक-दीड सेकंद द्या आणि घड्याळाचा शॉट थोडा जवळून घ्या. “ते काका काय करणार आहेत?” असं दोघांनी विचारलं तर काकांचे शॉट लांबले आहेत, ते कापा. पुढच्या आठवड्यात हेच दृश्य चित्राशिवाय, फक्त आवाजावर ऐकू.