वेस न दिसणारं गाव

"धाकटीला अमेरिकेत दिली, न्यू जर्सीला," असं आता आपल्या तालुक्यातही ऐकू येतं. मग मोबाइलवर फोटो येतात. दुमजली घर, पुढं हिरवंगार गवत, दारात दोन गाड्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपण म्हणतो, पोरीनं नशीब काढलं. पण त्या फोटोतल्या गावात बाईचा दिवस कसा जातो आणि ते गाव असं का झालं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

न्यू जर्सी हे न्यूयॉर्क शहराच्या शेजारचं राज्य. तिथलं एडिसन हे गाव घेऊ. थॉमस एडिसन यांची प्रयोगशाळा याच गावाच्या हद्दीत मेन्लो पार्कला होती, म्हणून १९५४ साली गावाला त्यांचं नाव दिलं. न्यूयॉर्क इथून सुमारे ५० किलोमीटर. कामावर जाणारी माणसं सकाळी मोटारीनं स्टेशनपर्यंत जातात, गाडी तिथं लावतात आणि पुढं तासाभराचा रेल्वेचा प्रवास करतात. संध्याकाळी तसंच परत. नोकरी शहरात, घर इथं. डोंबिवलीची माणसं रोज मुंबईला जातात, तसाच हा प्रकार. फरक असा की इथं पुष्कळ कुटुंबांना स्वतंत्र घर आणि अंगण असतं. भारतीय माणसंही खूप आहेत. ओक ट्री रोड नावाच्या रस्त्यावर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं ओळीनं आहेत.

इथं सुख आहे, ते नाकारायचं कारण नाही. नळाला चोवीस तास पाणी, मुलांना न्यायला पिवळी बस, सरकारी शाळा बारावीपर्यंत फुकट आणि शिकवणंही चांगलं. शाळेसाठीच तर लोक अशा गावात घर घेतात.

आता शाळा चांगली कशामुळं? पैसा येतो कुठून? तर बराचसा घरपट्टीतून. न्यू जर्सीत घरपट्टी फार मोठी असते आणि तिचा निम्म्याच्या आसपास वाटा शाळांना जातो. घरं महाग, तर घरपट्टी जास्त. घरपट्टी जास्त, तर शाळेला पैसा जास्त. शाळा चांगली म्हणून आणखी लोक येतात आणि घरं आणखी महाग होतात. जात्यासारखं हे गोल फिरत राहतं. गरीब गावांच्या शाळांना राज्य सरकार जादा मदत देतं, तरी घर कुठल्या गावात आहे यावर मुलाचं पुष्कळ काही ठरतं.

मग कमी पगाराच्या माणसानं त्याच गावात लहानसं घर का घेऊ नये? कारण कुठं काय बांधायचं याचे नियम गाव स्वतः करतं. १९२६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गावांचा हा अधिकार मान्य केला. मग पुष्कळ गावांनी ठरवलं, की एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर, आणि प्लॉटही मोठाच हवा. लहान घर बांधायलाच मनाई. या गावांना तट नाही, दरवाजा नाही. पण वेस आहे. ती कागदावर आहे.

या वेशीशी एक बाई भांडली. त्यांचं नाव एथेल लॉरेन्स. न्यू जर्सीतल्याच माउंट लॉरेल गावात त्यांचं काळ्या वर्णाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं. आपल्याच गावात आपल्या मुलांना घर परवडेना, म्हणून लोकांनी ३६ लहान घरांची परवानगी मागितली. गावानं ती नाकारली. प्रकरण कोर्टात गेलं. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की साध्या कमाईच्या लोकांना घर मिळेल अशी सोय प्रत्येक वाढत्या गावानं केली पाहिजे. तरीही घरं उभी राहायला आणखी पंचवीस वर्षं लागली. २००० साली तिथं माणसं राहायला आली. ती बघायला एथेलबाई नव्हत्या. १९९४ सालीच त्या वारल्या. त्या वसाहतीला त्यांचं नाव आहे.

याच नियमांची दुसरी बाजू आपल्या लेकीला सोसावी लागते. घरांच्या भागात दुकान चालत नाही, त्यामुळं कोथिंबिरीची जुडी आणायलाही मोटार लागते. नवरा शहरात, मुलं शाळेत, शेजारणीही कामावर. गाडी चालवता येत नसेल, तर बाई त्या छान घरात दिवसभर अडकून पडते. त्यात नवरा एच-१बी व्हिसावर असेल, तर बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर ती शिकू शकते, पण नोकरी करू शकत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्याला पोहोचलं असेल, तर २०१५ पासून काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली आहे.

म्हणून मुलगी द्यायच्या आधी बैठकीत घराच्या खोल्या मोजू नका, हे विचारा. ती कुठल्या व्हिसावर जाणार? गाडी शिकायची सोय होईल का? बँकेत तिचं नाव असेल का? पासपोर्ट तिच्याजवळच राहील का? तिला सांगून ठेवा, की तिथं अडचणीला ९११ नंबर लावायचा, आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात फुकट नाव नोंदवता येतं. बऱ्याच वाचनालयांत इंग्रजी बोलायचे वर्ग असतात. तिथं चार बायका भेटतात.

आणखी एक. तिकडं सकाळचे दहा वाजतात, घर रिकामं झालेलं असतं, तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. फोन त्या वेळी करा. "घर दाखव" म्हणण्याआधी "आज कुणाशी बोललीस?" एवढं विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर फोन लगेच ठेवू नका.