बुद्धि शाबूत आहे तोंवर

घरांतील वृद्ध माणसांच्या मिळकतीविषयीं त्यांच्या हयातींत बोलणें आपल्याकडे अशुभ मानतात. "बाबा अजून बसले आहेत आणि यांना वांटणीची घाई!" असें कोणी म्हणेल, या भीतीनें सुजाण मुलेंहि गप्प राहतात. परंतु कायद्याच्या दृष्टीनें या बोलण्याला योग्य वेळ एकच असते. ती म्हणजे वृद्धाची बुद्धि शाबूत असतांनाची. ती टळली म्हणजे बहुतेक दारें बंद होतात. हें कसें घडतें, तें घणसोली गांवाचें उदाहरण पुढें ठेवून पाहूं.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें व रायगड जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. घणसोली त्यांपैकींच एक. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत जासईच्या परिसरांत पांच जणांना प्राण गमवावे लागले. पुढें १९९० पासून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. चाळीस गुंठ्यांच्या एकरामागें हे पांच गुंठे होतात. सार्वजनिक सोयींची वजावट जातां सुमारें साडेतीन गुंठे हातीं येतात. मूळ खातेदार वारला असेल, तर न्यायालयाचा वारस दाखला लागतो आणि सर्व वारसांचीं नांवें लागतात. चार भावंडें असलीं, तर एकेकाच्या वांट्याला गुंठाभरहि येत नाहीं. पूर्वीं भाताचें शेत वांटतांना तंटा बांधापुरता असे. आज त्याच गुंठ्यावर इमारत उभी राहते, आणि तंट्याची किंमतहि तितकीच वाढते.

आतां अशा घरांतील एका आजोबांची कल्पना करा. गांवठाणांत राहतें घर आहे, भूखंडांत हिस्सा आहे, बँकेंत ठेव आहे. त्यांनीं कांहींच लिहून ठेवलें नाहीं, तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना सारखा वांटा मिळतो. विवाहित मुलगीहि त्यांत येते. हें कित्येकांना माहीत नसतें आणि मग "हक्क सोड" असा आग्रह बहिणीला होतो. बँकेंत ज्याचें नांव नामनिर्देशित केलें आहे, तोच पैशाचा धनी असाहि एक गैरसमज आहे. तो रक्कम स्वीकारणारा असतो. तिची मालकी वारसांचीच राहते.

वांटणी आपल्या इच्छेप्रमाणें व्हावी, असें वाटत असेल, तर मृत्युपत्र हा मार्ग आहे. त्याला मुद्रांक लागत नाहीं. नोंदणी सक्तीची नाहीं, परंतु केलेली बरी. कर्त्यानें सही किंवा अंगठा करावा आणि निदान दोन साक्षीदारांनीं त्याच्यासमक्ष सह्या कराव्या. साक्षीदार मृत्युपत्रांत कांहींहि न मिळणारे असावे, म्हणजे संशयाला जागा राहत नाहीं. वय फार झालें असेल, तर त्याच दिवसाचें डॉक्टरांचें प्रमाणपत्र जोडावें. वडिलोपार्जित मिळकतींत मात्र स्वतःच्या हिश्शापुरतेंच मृत्युपत्र करतां येतें. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीला जन्मतः मिळालेला हिस्सा बापाला लिहून देतां येत नाहीं.

मृत्युपत्राचा मोठा गुण असा कीं, तें मरणानंतरच अंमलांत येतें आणि तोंवर कितीहि वेळां बदलतां येतें. बक्षीसपत्राचें तसें नाहीं. प्रेमाच्या भरांत मुलाच्या नांवें घर केलें, कीं त्याच दिवशीं वृद्ध आपल्याच ओटीवर पाहुणा होतो. यावर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें उपाय ठेवला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाहीं, तर साठ वर्षांवरील वृद्धाला तें हस्तांतर रद्द करून मागतां येतें. ही मागणी उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणापुढें करावयाची असते. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती अट सिद्ध होणें आवश्यक मानलें. २०२५ सालीं याच कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताला पोषक असा उदारपणें लावावा, असें सांगितलें. तात्पर्य, बक्षीसपत्र करावयाचेंच असेल, तर सांभाळाची अट त्यांत स्पष्ट शब्दांत लिहावी.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. माणूस जिवंत आहे, पण स्मृतिभ्रंशानें किंवा झटक्यानें त्याची समज गेली; मग त्याचे व्यवहार कोणी पाहावे? "आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे," असें पुष्कळ लोक निश्चिंतपणें सांगतात. पण मुखत्यार म्हणजे धन्याचा दुसरा हात. जें काम धन्याला स्वतः करतां येत नाहीं, तें त्याच्या हातालाहि करतां येत नाहीं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें धन्याची बुद्धि गेली, कीं मुखत्यारी संपते. मरणानंतर तर संपतेच. म्हणजे आधाराची खरी गरज लागते, त्याच क्षणीं तो कागद निरुपयोगी होतो.

मग पालक नेमावा म्हटलें, तर १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांसाठीं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें आपला प्रतिनिधि आधींच नेमून ठेवतां येतो; पण त्याचें काम उपचारांपुरतें असतें. मिळकतीच्या व्यवस्थेची जी तरतूद १९८७ च्या जुन्या कायद्यांत होती, ती या नव्या कायद्यांत नाहीं. म्हणून अशीं कुटुंबें संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखालीं उच्च न्यायालयांत जातात. २०२० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें बेशुद्धावस्थेंतील पतीची पालक म्हणून पत्नीला याच मार्गानें नेमलें. वाट आहे, परंतु वैद्यकीय दाखले, चौकशी, वकील आणि वेळ हें सारें तींत आलें, आणि तोंवर औषधाचा खर्च थांबत नाहीं.

म्हणून समज चांगली असतांनाच चार गोष्टी उरकाव्या. मिळकतीचे कागद, म्हणजे वारस दाखला, सिडकोचा भाडेपट्टा, घरपट्टीच्या पावत्या, एके ठिकाणीं ठेवून विश्वासाच्या दोघांना त्यांची जागा सांगावी. घरखर्चापुरतें एक बँकखातें पत्नीबरोबर किंवा मुलाबरोबर संयुक्त करावें. मृत्युपत्र करून त्यांत व्यवस्थापक नेमावा. अखेरच्या आजारांत कोणते उपचार हवे वा नको, तेंहि लिहितां येतें. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ व २०२३ च्या निर्णयांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो लेख करावा.

हें सारें करतांना आजीला वगळूं नये. पतीच्या पश्चात् राहत्या घरांत तिला मरेपर्यंत राहतां यावें, एवढें एक वाक्य मृत्युपत्रांत असलें, तरी तिचें म्हातारपण कोणाच्या मर्जीवर राहत नाहीं. मुलींनाहि त्या बैठकीला बोलवावें. जें सर्वांसमक्ष ठरतें, त्याबद्दल मागाहून न्यायालयांत भांडण्याचें कारण कमी उरतें. ज्यांनीं एकदां जमीन जातांना पाहिली आहे, त्यांचें उरलेलें घर तरी कागदाच्या अभावीं जाऊं नये.